लेथला चक कोणता घ्यावा?

लाटणे, पोळपाट, रवी, खाटेचे पाय, पाळण्याचे खांब, भोवरा, खुळखुळा. या वस्तू तुम्ही रोज पाहता. या सगळ्या गोल आहेत. त्या गोल कशा झाल्या? त्या लेथवर कातलेल्या आहेत.

लाकूड कातणाऱ्या कारागिराला कातारी म्हणतात. हा धंदा फार जुना आहे. सावंतवाडीची चितार आळी लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. कर्नाटकातील चन्नपट्टण गावची लाखेच्या रंगाची खेळणीही लेथवरच कातलेली असतात.

सुतार रंधा मारतो तेव्हा लाकूड जागच्या जागी असते आणि हत्यार फिरते. कातकामात याच्या उलट असते. लाकूड गरगर फिरते आणि पटाशी टेकूवर धरलेली असते. म्हणून फिरणारे लाकूड पक्के धरले पाहिजे. ते धरणाऱ्या साधनाला चक म्हणतात. चक म्हणजे लेथची मूठच म्हणा ना.

चक बाजारात अनेक प्रकारचे मिळतात. काही स्वस्त, काही बरेच महाग. आज आपण त्यातला आपल्याला कोणता हवा, ते कसे ठरवावे हे पाहू.

पकड सुटली तर काय होते?

आधी थोडा हिशेब करू. १५ सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे सुमारे ६ इंचांची, वाटी लेथवर लावली आहे. तिचा परीघ साधारण ४७ सेंटिमीटर भरतो. लेथ मिनिटाला १००० फेरे घेतो. म्हणजे वाटीची कड एका मिनिटात ४७० मीटर धावते. तासाला हे २८ किलोमीटर झाले.

आता ३० सेंटिमीटरचे पोळपाट तेवढ्याच वेगाने फिरवले तर? त्याची कड तासाला ५६ किलोमीटर वेगाने धावेल. रस्त्यावरची मोटार याच वेगाने जाते. असे लाकूड पकडीतून सुटले, तर ते कारागिराच्या तोंडावर येऊ शकते. डोळा जातो, दात पडतात, हाड मोडते. चक निवडताना पैशाचा विचार आहे, तसा जिवाचाही आहे.

आधी काम पाहा

दुकानात गेल्यावर “सगळ्यात चांगला चक कोणता?” असे विचारू नका. आधी स्वतःला विचारा, “मी कोणती वस्तू करणार आहे?”

लाटणे, रवीची दांडी, खाटेचा पाय या लांब वस्तू आहेत. यांना चक लागतच नाही. एका टोकाला दातेरी खिळा आणि दुसऱ्या टोकाला मागचा टेकू, या दोहोंत लाकूड धरतात. हा खिळा आणि टेकू बहुतेक लेथबरोबरच मिळतो. ज्याला फक्त लाटणी करायची आहेत, त्याने चकसाठी कर्ज काढू नये.

पोळपाट चपटे आणि रुंद असते. त्यासाठी लोखंडी तबकडी चांगली. तिला फेसप्लेट म्हणतात. तिला भोके असतात. त्या भोकांतून लाकडात स्क्रू पिळतात. ही पकड साधी, स्वस्त आणि भरवशाची आहे. पोळपाटाचे तीन पाय जेथे बसणार, तेथेच स्क्रू येतील असे पाहा. मग पाय बसवल्यावर भोके झाकली जातात. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. स्क्रू लाकडाच्या आडव्या अंगात पक्का बसतो. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडात, म्हणजे रेषांच्या दिशेने, पिळलेला स्क्रू लवकर ढिला होतो.

वस्तूला भोक मुळीच नको असेल, तर तबकडीवर आधी एक फालतू लाकडाचा तुकडा स्क्रूने बसवा. त्यावर जाड कागद सरसाने चिकटवा. कागदावर आपले लाकूड चिकटवा. रात्रभर वाळू द्या. काम झाले की सांध्यात पटाशीची धार हलकेच ठोका. कागद मधून फाटतो आणि वस्तू सुटी होते. लहान आणि हलक्या वस्तूंसाठी ही युक्ती चांगली आहे.

दाराच्या मुठी, भोवरे, लहान झाकणे यांसाठी स्क्रूचा चक मिळतो. त्याच्या मधोमध एकच जाड स्क्रू असतो. लाकडाला भोक पाडून ते त्यावर फिरवून बसवतात. काम झटपट होते. पण मोठ्या, जड लाकडाला एका स्क्रूचा आधार पुरत नाही.

चार जबड्यांचा चक

वाटी, डबी, फुलदाणी या वस्तू आतून पोखराव्या लागतात. मागचा टेकू पुढे लावला तर पटाशी आत कशी जाणार? म्हणून येथे लाकूड एकाच बाजूने घट्ट धरावे लागते. त्यासाठी जबड्यांचा चक कामाला येतो.

याचे तीन प्रकार आहेत.

पहिला तीन जबड्यांचा. चावी फिरवली की तिन्ही जबडे एकदम मिटतात. हा लोखंडी सळई धरण्यासाठी आहे. त्याचे जबडे अरुंद असतात. ते लाकडात रुततात आणि चौकोनी लाकूड त्यात बसत नाही.

दुसरा चार जबड्यांचा, पण प्रत्येक जबडा वेगळा फिरवावा लागतो. वेड्यावाकड्या आकाराची वस्तू त्यात धरता येते. पण लाकूड मध्यावर आणायला वेळ फार लागतो.

तिसराही चार जबड्यांचा. यात चावी फिरवली की चारही जबडे मिळून मिटतात किंवा उघडतात. यात गोल लाकूड बसते, चौकोनीही बसते. लाकूड आपोआप मध्यावर येते. लाकूडकामासाठी याचे जबडे रुंद आणि आतून तिरके केलेले असतात. वाट्या आणि डब्या नेहमी करणाऱ्याला हाच चक उपयोगी पडतो.

विकत घेण्यापूर्वी मापे लिहा

अंथरूण पाहून पाय पसरावेत, तसे लेथ पाहून चक घ्यावा. घरून निघण्यापूर्वी कागद-पेन्सिल घ्या आणि तीन मापे लिहा.

पहिले माप आट्यांचे. लेथच्या फिरत्या दांड्याला आटे असतात. चक त्यांवर पिळून बसतो. दांड्याची जाडी मोजा. मग आट्यांवर पट्टी आडवी धरा आणि १ इंचात किती आटे येतात ते मोजा. कोणा लेथचा दांडा १ इंच जाड असतो आणि त्यावर इंचाला ८ आटे असतात. कोणाचा ३३ मिलिमीटर जाड असतो आणि दोन आट्यांतले अंतर साडेतीन मिलिमीटर असते. एकाचा चक दुसऱ्याला बसत नाही. बळेच पिळला तर दोहोंचे आटे खराब होतात.

दुसरे माप उंचीचे. लेथच्या पाट्यापासून दांड्याच्या मध्यापर्यंत किती अंतर आहे? ते ६ इंच असेल, तर १२ इंचांपेक्षा मोठी वस्तू त्यावर फिरणारच नाही. उघडलेले जबडेही पाट्याला घासता कामा नयेत.

तिसरे माप कामाचे. तुमची नेहमीची वस्तू किती मोठी असते ते लिहा. लहान लेथवर फार जड चक घेऊ नका. दांड्यावर भार पडतो आणि लेथ थरथरतो.

दुकानदार म्हणेल, “घेऊन जा दादा, सगळ्या लेथला बसतो.” तुम्ही आपला कागद पुढे करा आणि म्हणा, “शेठ, हे माझ्या आट्यांचं माप. याला बसेल असं पावतीवर लिहून द्या. नाही बसला तर परत आणीन.” तुम्हाला आता लिहिता-वाचता येते. त्याचा उपयोग अशा वेळी करायचा. दुसऱ्या मापाचा चक बसवण्यासाठी मध्ये घालायची आट्यांची बांगडी मिळते. ती लागणार असेल, तर तिची किंमतही आधीच विचारा.

चक हातात घेऊन पाहा. चावी फिरवा. जबडे न अडकता चालले पाहिजेत. चारही जबडे एकाच वेळी मध्याशी आले पाहिजेत. जबड्यांवर १, २, ३, ४ असे आकडे असतात. ज्या खाचेचा जो आकडा, तोच जबडा तिच्यात घालायचा. आकडे चुकले तर जबडे मध्यावर मिळत नाहीत.

लाकूड कसे धरावे?

चक कितीही चांगला असला, तरी त्याला धरायला जागा करून द्यावी लागते. वाटीच्या बुडाला एक बुटका गोल खुंट कातून ठेवतात. ६ इंचांच्या वाटीला साधारण २ इंचांचा खुंट ठेवावा. तो जबड्यांसारखाच किंचित तिरका कातावा, म्हणजे मुळाशी थोडा बारीक.

खुंटाचे टोक चकच्या तळाला टेकता कामा नये. खुंटाभोवतीचा सपाट खांदा जबड्यांच्या तोंडावर नीट बसला पाहिजे. खांदा टेकला की लाकूड डुलत नाही.

जबडे जवळजवळ मिटलेले असतात तेव्हा त्यांचा पुरा गोल होतो. तेव्हा लाकडाला सगळीकडून सारखी पकड मिळते. जबडे फार उघडले की फक्त त्यांचे कोपरे रुततात. म्हणून खुंट जबड्यांच्या मापाचा करा. आणि चिरलेल्या किंवा किडक्या लाकडाचा खुंट कधीही करू नका.

काम पुरे होईपर्यंत शक्यतो लाकूड काढू नका. काढून पुन्हा बसवले की मध्य थोडा तरी सरकतो. कातणे, घासणे आणि लाख लावणे, जेवढे होईल तेवढे एकाच पकडीत करा.

लेथ सुरू करण्यापूर्वी

१. चक दांड्याच्या खांद्यापर्यंत पुरा पिळला आहे ना, ते पाहा.

२. चावी चकमधून काढली का? ती राहिली तर गोळीसारखी उडते.

३. लाकूड हाताने एक फेरा फिरवा. ते कोठेही अडू नये.

४. ओबडधोबड लाकूड असेपर्यंत मागचा टेकू लावून ठेवा आणि वेग कमी ठेवा.

५. लेथ सुरू करताना लाकडाच्या समोर उभे राहू नका. बाजूला उभे राहा.

६. उपरणे, ढिली बाही, मोकळे केस, हातातला गंडा-दोरा, हे काहीही लेथजवळ नको. हातमोजेही नकोत. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर फडके बांधा.

७. लेथ उलटा फिरवू नका. उलट्या फेऱ्याने चक पिळ सोडून निघतो. उलटा फिरवायचाच असेल, तर चकला अडकवणी स्क्रू हवा आणि तो आवळलेला हवा.

ध्यानात ठेवा

लांब वस्तूला दोन टोकांचा आधार. चपट्या वस्तूला तबकडी. लहान वस्तूला स्क्रूचा चक. पोखरायच्या वस्तूला चार जबडे. नव्याने काम शिकणाऱ्याने आधी खिळा-टेकू आणि तबकडी यांवर हात बसवावा. काम वाढले, वाट्या-डब्यांना गिऱ्हाईक मिळू लागले, की त्याच कमाईतून जबड्यांचा चक घ्यावा. पकड पक्की असेल, तर हात निर्धास्त चालतो.

प्रश्न

१. सुताराच्या आणि कातारीच्या कामात काय फरक आहे?

२. लाटणे करायला चक का लागत नाही?

३. चक घेण्यापूर्वी कोणती तीन मापे लिहावीत?

४. खुंटाचा खांदा जबड्यांवर का टेकला पाहिजे?

५. तुमच्या घरातील कातलेल्या पाच वस्तूंची नावे लिहा. प्रत्येक वस्तू लेथवर कशी धरली असेल, ते नावापुढे लिहा.