आधी कागद, मग ब्रेक, शेवटी इंजिन

जुनी उघडी फोर्ड मिळवावी, तिचे मडगार्ड उतरवावेत, बॉनेटखाली दणकट व्ही-८ बसवावे आणि रविवारी पहाटे खंबाटकीचा रस्ता धरावा, ही हौस पुण्यात अनेकांना आहे. त्या हौसेला माझा विरोध नाही. विरोध आहे तो कामाच्या क्रमाला. बहुतेक जण इंजिनापासून सुरुवात करतात, ब्रेकचा विचार गाडी उभी राहिल्यावर करतात आणि कागदांचा विचार पासिंगच्या वेळी. गॅरेजांच्या मागच्या बाजूला वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या अर्धवट गाड्यांकडे पाहा. कारागिरी कमी पडली म्हणून त्या अडल्या असे फार क्वचित दिसते. आरसी बुकातली गाडी आणि समोर उभी असलेली गाडी एक राहिली नाही, म्हणून त्या अडल्या. हा क्रम उलटा केला तरच या नादात पैसा, वेळ आणि मूळ गाडी या तिन्ही गोष्टी वाचतात.

कागद आधी का, ते कायद्यावरून कळते. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सांगते की उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीत आलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच अर्थावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेले कलम १८२-अ अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवते. इंधन बदलण्याच्या मान्यताप्राप्त किटला कायद्यात जागा आहे; फोर्डच्या चासीवर शेव्हरलेचे व्ही-८ चढवण्याला नाही. जुलै २०२१ च्या व्हिंटेज नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांना वेगळी नोंदणी दिली. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत आणि ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. पण अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे पत्रा कापून आणि इंजिन बदलून हॉट रॉड केलेली गाडी साध्या नोंदणीतून बाहेर पडते आणि व्हिंटेजमध्येही बसत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: कॅलिफोर्नियातल्या पोरांनी हेच केले, मग आपण का नाही? त्यांची परिस्थिती पाहा. फोर्डच्या मॉडेल टी सुमारे दीड कोटी आणि मॉडेल ए पन्नास लाखांच्या घरात निघाल्या. १९३०-४० च्या दशकांत त्या तिथल्या सर्वांत स्वस्त जुन्या गाड्या होत्या. १९३२ मध्ये फोर्डने सामान्य माणसाच्या गाडीत व्ही-८ दिले आणि हलक्या बॉडीत मोठे इंजिन घालण्याची वाट सोपी झाली. मुरॉकसारख्या कोरड्या तलावांच्या सपाट तळावर ही पोरे वेग मोजत. समोरून पीएमपीची बस येत नव्हती. आपल्याकडे फोर्डने १९२६ मध्ये मुंबईत व्यवसाय सुरू केला खरा, पण तेव्हाच्या उघड्या गाड्यांपैकी आज शाबूत उरलेल्या थोड्याच. तिथे भंगारातून हॉट रॉड जन्मली; इथे तीच करवत दुर्मिळ वस्तूवर चालते.

ब्रेक दुसऱ्या क्रमांकावर ठेवण्याचे कारण साधे गणित आहे. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. मॉडेल ए चे इंजिन चाळीस अश्वशक्तीचे आणि ब्रेक सळ्यांनी ओढले जाणारे यांत्रिक. त्या ताकदीला ते पुरत. तिप्पट ताकद आणि खंबाटकीचा उतार त्यांना पेलणार नाही. परंपरेचा हवाला देणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की ज्यांनी ही परंपरा घडवली, त्यांनीच १९३९ पासूनच्या फोर्डचे हायड्रॉलिक ब्रेक काढून जुन्या गाड्यांना बसवले. म्हणून आरटीओला आधी लेखी विचारून ब्रेक सुधारणे हे परंपरेला धरूनच आहे. इंजिनाची घाईही नको, कारण फोर्डच्या जुन्या फ्लॅटहेड व्ही-८ ची एक खोड अशी की एक्झॉस्टचा मार्ग ब्लॉकमधूनच जातो आणि कूलंट तापते. मे महिन्यात स्वारगेटच्या सिग्नलवर ही खोड लगेच समोर येते.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी असतो: पुण्यात निम्म्या जीप बदललेल्या आहेत, कोणाला कोण पकडतो? लष्करी लिलावातल्या आणि महिंद्रने जोडलेल्या विलिस जीपवर पुण्याच्या फिटरांनी काय काय प्रयोग केले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण खरी तपासणी चौकात होत नाही, अपघातानंतर होते. इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळला नाही तर विमा कंपनीला हात वर करायला निमित्त मिळते आणि भरपाईचा बोजा मालकावर येऊ शकतो. आजवर पकडले गेलो नाही, यावर घर पणाला लावू नये.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: सुटे भाग मिळत नाहीत, मग मूळ इंजिन जपायचे कसे? याचे उत्तर पुण्यातच आहे. मॉडेल ए चे बरेच भाग अमेरिकेत आजही नव्याने बनतात आणि जे मिळत नाहीत ते भोसरीच्या लेथवर, फाउंड्रीत आणि गिअर कापणाऱ्या शेडमध्ये बनू शकतात. मूळ ब्लॉक रीबोअर करणे, क्रँकशाफ्टचा तोल साधणे, बोल्टने बसणारे जास्त कॉम्प्रेशनचे हेड लावून मूळ हेड जपून ठेवणे, हा हॉट रॉडचा खरा जुना मार्ग आहे. त्यात इंजिन नंबर तोच राहतो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी रबरी नळ्या आणि कार्बोरेटरची गॅसकेट मात्र आधीच बदलावीत.

तेव्हा गाडी घेण्यापूर्वी चासी आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून पाहा. जो बदल बोल्ट काढून परत फिरवता येतो तोच करा. कापणे आणि वेल्डिंग टाळा. बेफाम ताकदच हवी असेल तर नव्या पाइपची चासी आणि नवी बॉडी बांधा, तिला ट्रेलरवर घालून कोइंबतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर न्या आणि रस्त्यावर उतरवू नका. शंभर वर्षे टिकलेली फोर्ड मात्र कापू नका. तशी दुसरी कोणत्याच कारखान्यात बनणार नाही.