रूट कॅनालची धास्ती

प्रश्न : दाढेचे रूट कॅनाल करायचे आहे, पण इंजेक्शनच्या नुसत्या विचाराने धडकी भरते. त्रास कमी कसा होईल?

उत्तर : दाताच्या उपचारात सगळा भर भूल नीट चढण्यावर असतो. हिरडीवर आधी बधिर करणारे जेल लावून दोन-तीन मिनिटे थांबले आणि लिग्नोकेन हे भुलीचे औषध अगदी सावकाश सोडले, तर सुई फारशी जाणवत नाही. घाईघाईने औषध ढकलल्यास पेशींवर ताण येतो. दुखते ते बहुधा त्यामुळे. खालच्या दाढेसाठी मुख्य नसच बधिर करावी लागते. अर्धा ओठ जड होईपर्यंत, म्हणजे साधारण पाच मिनिटे, ड्रिल सुरू करू नये. दाढ ठणकत असेल, तर सुजेतल्या आम्लतेमुळे भूल कमी चढते. अशा वेळी जादा डोस मागण्यात संकोच कसला? औषधातल्या अ‍ॅड्रेनलिनने क्षणभर धडधडते, ते लवकरच शमते. हात वर करताच काम थांबेल, हे आधीच ठरवून घ्यावे. भित्र्या रुग्णाला याचा मोठा आधार वाटतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह, गरोदरपण यांची कल्पना डॉक्टरांना द्यावी, पण गोळ्या परस्पर बंद करू नयेत. उपाशीपोटी जाऊ नये. बधिरता दोन-तीन तास टिकते. तोवर गरम चहा आणि चावून खाणे टाळावे, नाहीतर तोंड पोळते किंवा गाल चावला जातो.