पेट्रोल, हवामान आणि गाडीचे ‘अ‍ॅव्हरेज’

महाग पेट्रोल अधिक जोरकस असते, म्हणून त्यावर गाडी अधिक धावते, असा समज खेड्यापाड्यांतून सर्रास आढळतो. असे पेट्रोल लिटरमागे ८ रुपयांनी महाग आहे व महिन्याला १५ लिटर लागते असे धरल्यास वर्षाकाठी १,४४० रुपये अधिक जातात. त्यांचा मोबदला मिळतो काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

ऑक्टेन म्हणजे काय?

इंजिनात पेट्रोलची वाफ व हवा यांचे मिश्रण दाबून ठिणगीने पेटविले जाते. त्याचा काही भाग ज्वाळा पोचण्यापूर्वीच आपोआप पेटला, तर इंजिनात ठोके पडतात व शक्ती वाया जाते. हे ठोके टाळण्याची पेट्रोलची क्षमता म्हणजे ऑक्टेन अंक. पेट्रोलमधील उष्णतेचे ते माप नव्हे.

एथॅनॉलचे उदाहरण घेऊ. ऊस, मका व तांदूळ यांपासून होणाऱ्या या द्रव्याचा ऑक्टेन अंक सुमारे १०८, म्हणजे पेट्रोलहून बराच वरचा आहे. पण एका लिटरातील उष्णता मात्र पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच असते. देशात २०२५ साली पेट्रोलमधील एथॅनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोचले. शुद्ध पेट्रोलसाठी बनविलेल्या व १० टक्के मिश्रणास जुळविलेल्या गाड्यांचे अ‍ॅव्हरेज अशा मिश्रणावर चारचाकीत ६ ते ७ टक्के, तर दुचाकीत ३ ते ४ टक्के घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात दिला आहे.

यास्तव गाडीच्या पुस्तिकेत जे पेट्रोल सांगितले असेल तेच घालावे. पुस्तिकेत वरच्या ऑक्टेनचे पेट्रोल सांगितले असल्यास मात्र काटकसर करू नये. विदर्भातील वैशाखाच्या उन्हात ठोके पडण्याचा संभव अधिक असतो.

हवामानाचा परिणाम

१. थंडीत इंजिन तापेपर्यंत इंधन जास्त जळते. जवळच्या अनेक फेऱ्यांऐवजी कामे एकाच फेरीत उरकावी.

२. उष्णतामान १० अंशांनी उतरले की चाकातील हवा दीड ते दोन पौंडांनी कमी होते व गाडी जड चालते. हवा सकाळी, चाके थंड असताना तपासावी.

३. पावसाळ्यात चिखल व ओला रस्ता चाकांना अडवितो. शिवाय एथॅनॉल पाणी शोषून घेते. पाणी अधिक झाल्यास ते एथॅनॉलसह टाकीच्या तळाशी बसते व इंजिन बंद पडते. टाकीचे झाकण घट्ट लावावे. हंगाम संपल्यावर फवारणी पंपात पेट्रोल ठेवू नये.

स्वतः मोजून पाहावे

टाकी पूर्ण भरून मीटरवरील आकडा टिपावा. पुढे टाकी पुन्हा पूर्ण भरताना लागलेल्या लिटरांनी तोडलेल्या अंतरास भागावे. उदाहरणार्थ, २५५ किलोमीटर व ५.१ लिटर, म्हणजे लिटरमागे ५० किलोमीटर. असे निदान तीन वेळा मोजावे.

दोन प्रकारच्या पेट्रोलची तुलना एकाच ऋतूत, एकाच रस्त्यावर व तितक्याच ओझ्याने करावी. मे महिन्यातील कोरडा रस्ता आणि जुलैतील चिखल यांची तुलना केल्यास दोष चिखलाचा असून पेट्रोलवर येईल. ग्रामकार्यकर्त्यांनी हे मोजमाप आपल्या गावातील चार-दोन वाहनांवर सर्वांसमक्ष करून दाखवावे व आकडे चावडीवर लावावेत. वर्षाचे १,४४० रुपये कोठे खर्चावेत, हे मग शेतकऱ्यास स्वतःच ठरविता येईल.