करवंटीची होडी, खोक्याची एस.टी.

आपल्या वस्त्यांत शिक्षणाची ओढ मोठी आहे, आणि ती असायलाच हवी. पण त्याच ओढीने आपण तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पाटी देतो आणि ते करवंट्या घेऊन बसले की म्हणतो, ‘खेळ पुरे, अभ्यास कर.’ माता-पित्यांनो, या वयात खेळ हाच अभ्यास असतो.

मूल करवंटीला होडी म्हणते, तेव्हा समोर नसलेली वस्तू ते मनात उभी करते. एका वस्तूत दुसरी पाहण्याची हीच सवय पुढे अक्षरात आवाज ओळखायला उपयोगी पडते. खेळताना ते बोलते, आपली पाळी येईपर्यंत थांबते. माती मळून बोटांत बळ येते. लिहायला तीच बोटे लागतात.

यासाठी विकतची खेळणी लागत नाहीत. आपल्यासारख्याच किनाऱ्यावरच्या, पालघरकडील बोर्डी गावी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बालशिक्षणाचे काम सुरू केले. मुले बालवाडीत येत नव्हती, म्हणून त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. शिंपले, खडे, पाने, बिया हीच त्यांची साधने. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनला हे सारे आपल्या दारातच आहे.

घरी एवढे करावे :

• करवंट्या, पोफळीची विरी, रिकामा खोका, जुनी ओढणी द्यावी. काय खेळायचे ते सांगू नये.

• चूक काढू नये. ‘होडी कुठे चालली? आत कोण बसलंय?’ असे विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी.

• मुलगा चूल मांडो की मुलगी होडी हाको, अडवू नये.

• कामाच्या घाईत मोबाइल देऊ नये. पातेले आणि वाट्या द्याव्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेनुसार दोन वर्षांखालील मुलांना स्क्रीन नकोच. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून जास्त नको.

• तीन वर्षांखालील मुलांना बिया, लहान शिंपले, खडे देऊ नयेत; घशात अडकतात. घड्याळाचे सेल कोणत्याच मुलाच्या हाती लागू देऊ नयेत. पाण्याजवळ मुलाला एकटे सोडू नये.

दोन वर्षे पूर्ण झालेले मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारल्यावर बघत नसेल किंवा खोटे-खोटे खेळतच नसेल, तर अंगणवाडी सेविकेला सांगावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. ‘बोलेल हळूहळू’ म्हणत थांबू नये. उपाय जितके लवकर सुरू होतील, तितका मुलाचा फायदा.