भाताचा पेंढा, साचलेले पाणी आणि मिथेन : पीक अवशेष व्यवस्थापनाचे अर्थकारण

भारतातील भातशेती वातावरणात नेमका किती मिथेन सोडते, हा प्रश्न १९९० च्या सुमारास केवळ शास्त्रीय राहिला नव्हता. त्याला आंतरराष्ट्रीय राजकारणाची धार आली होती. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण यंत्रणेने युरोप-अमेरिकेतील शेतांवरील मोजमापांच्या आधारे भारतीय भातशेतीचे वार्षिक उत्सर्जन सुमारे ३ कोटी ७८ लाख टन असल्याचा अंदाज वर्तविला होता. १९९१ मध्ये राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या पुढाकाराने आणि डॉ. ए. पी. मित्रा यांच्या मार्गदर्शनाखाली देशाच्या विविध भातपट्ट्यांत प्रत्यक्ष मोजणी करण्यात आली. हाती आलेला आकडा होता सुमारे ४० लाख टन. म्हणजे मूळ अंदाज नऊपटींहून अधिक फुगलेला होता.

ही तफावत का पडली? आपल्या बहुतेक जमिनींत सेंद्रिय कर्बाचे प्रमाण कमी आहे आणि भाताचे मोठे क्षेत्र पावसावर अवलंबून असल्याने खाचरात पाणी हंगामभर सलग उभे राहत नाही. मिथेनच्या निर्मितीला या दोन्ही गोष्टी लागतात : कुजण्याजोगा सेंद्रिय पदार्थ आणि हवेचा संपर्क तोडणारे पाणी. भाताच्या पेंढ्याचे काय करावे, या प्रश्नाचे उत्तरही याच दोन घटकांत शोधावे लागते.

मिथेन तयार कसा होतो?

खाचरात चिखलणी होऊन पाणी साचले, की मातीतील ऑक्सिजन काही दिवसांत संपतो. त्यानंतर नायट्रेट, लोह, सल्फेट यांच्या आधारे जगणारे जीवाणू काम करतात. तेही साठे ओसरले, की मिथेनजनक सूक्ष्मजीवांची पाळी येते. त्यांचे खाद्य म्हणजे सेंद्रिय पदार्थांच्या विघटनातून निघणारी ॲसिटेटसारखी साधी द्रव्ये. तयार झालेल्या वायूचा काही भाग मुळांभोवतीच्या ऑक्सिजनयुक्त थरात नष्ट होतो. उरलेला बहुतांश वायू भाताच्या रोपातील पोकळ ऊतींमधून, जणू धुराड्यातून निघावा तसा, वर येतो. शंभर वर्षांच्या कालावधीत मिथेनची तापविण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट, तर वीस वर्षांच्या कालावधीत सुमारे ८० पट धरली जाते. वातावरणातील त्याचे आयुष्य मात्र सुमारे १२ वर्षांचेच आहे. त्यामुळे मिथेन कमी केल्याचा परिणाम तुलनेने लवकर दिसतो.

दिवसांचे गणित

हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या (आयपीसीसी) २०१९ च्या सुधारित मार्गदर्शिकेतील गुणक येथे उपयोगी पडतात. दक्षिण आशियात सतत पाणी उभे असलेल्या आणि सेंद्रिय खत न घातलेल्या शेतातून हेक्टरी दररोज सरासरी ०.८५ किलो मिथेन निघतो, असे त्यात गृहीत धरले आहे. ११२ दिवसांच्या पिकासाठी हे सुमारे ९५ किलो होते. आता हेक्टरी ५ टन कोरडा पेंढा लागवडीच्या आधी ३० दिवसांच्या आत गाडला, तर हा आकडा सूत्रानुसार २.९ पटींच्या आसपास, म्हणजे सुमारे २७५ किलोंवर जातो. तोच पेंढा ३० दिवसांहून अधिक आधी गाडला, तर वाढ दीड पटीपर्यंतच राहते. उत्सर्जन १४० किलोंच्या घरात येते. पेंढा तोच, शेत तेच. फरक पडतो तो केवळ तारखेचा. कोरड्या, हवेशीर मातीत पेंढ्याचा सहज कुजणारा भाग कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने आधीच निघून जातो आणि पाणी साचेपर्यंत मिथेनजनक जीवांसाठी फारसे खाद्य उरत नाही.

पेंढा जाळला तर? त्याच मार्गदर्शक तत्त्वांनुसार एक किलो कोरडा अवशेष जळताना सुमारे २.७ ग्रॅम मिथेन निघतो. ५ टनांपैकी ८० टक्के पेंढा जळाला असे मानले, तर हेक्टरी जेमतेम ११ किलो. म्हणजे निव्वळ मिथेनचा हिशेब केला, तर चुकीच्या वेळी पेंढा गाडण्यापेक्षा तो जाळणे ‘स्वस्त’ ठरते! स्पर्धा परीक्षांच्या उत्तरपत्रिकांत ‘अवशेष जाळू नयेत, गाडावेत’ हे वाक्य सर्रास आढळते. ते अपुरे का आहे, हे या आकड्यांवरून ध्यानात यावे. अर्थात, जाळण्याचे समर्थन यातून होत नाही. एक टन पेंढ्यात सुमारे ५.५ किलो नत्र, २.३ किलो स्फुरद आणि २५ किलो पालाश असते. आगीत जवळजवळ सर्व नत्र, तसेच स्फुरद व पालाश यांचाही काही अंश नष्ट होतो. शिवाय धुरातील सूक्ष्म कणांची आरोग्यावर पडणारी किंमत वेगळीच.

पंजाबची घाई आणि त्रिभुज प्रदेशांची अडचण

पंजाब-हरियाणात भातानंतर गहू घेतला जातो. भूजल वाचविण्यासाठी दोन्ही राज्यांनी २००९ मध्ये कायदे करून भाताची लावणी जूनच्या मध्याकडे ढकलली. परिणामी कापणी लांबली, गव्हाच्या पेरणीपूर्वी हाती उरणारे दिवस दोन-तीन आठवड्यांवर आले आणि काडी लावणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरला. एका साधनसंपत्तीचे रक्षण करणारे धोरण दुसऱ्या साधनसंपत्तीवर भार कसे टाकते, याचे हे बोलके उदाहरण आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये जाळण्यास मनाई केली. २०१८-१९ पासून केंद्राने यंत्रखरेदीसाठी वैयक्तिक शेतकऱ्यास ५० टक्के आणि सहकारी संस्था व भाडेतत्त्वावरील अवजार केंद्रांना ८० टक्के अनुदान देणारी योजना राबविली. यातील हॅपी सीडर हे यंत्र उभी काडी कापून त्याच फेरीत गहू पेरते आणि पेंढा आच्छादन म्हणून जमिनीवरच ठेवते. मिथेनच्या दृष्टीने ही व्यवस्था उत्तम आहे, कारण पुढचे भात लागेपर्यंत पेंढ्याला सात-आठ महिने हवेशीर वातावरण मिळते.

खरी अडचण आहे ती वर्षातून दोनदा भात घेणाऱ्या प्रदेशांत. कावेरी आणि कृष्णा-गोदावरीचे त्रिभुज प्रदेश, तेलंगणातील सिंचित क्षेत्र, पश्चिम बंगालमधील बोरो भात या ठिकाणी कापणी आणि पुढची लावणी यांत अनेकदा महिनाही मिळत नाही. तेथे कम्बाइन यंत्राने मागे टाकलेला पेंढा ओल्या चिखलात गेला, तर आगीतून वाचलेला कर्ब पाण्यात मिथेन होऊन बाहेर पडतो. त्यामुळे उत्तर भारतासाठी योग्य असलेला उपाय येथे जसाच्या तसा लागू करता येत नाही. पेंढा गोळा करून शेताबाहेर नेणे, त्याचे खत करून मग वापरणे किंवा पाण्याची पाळी बदलणे, हे येथील पर्याय होत. हंगामात अनेकदा पाणी काढून शेत सुकू दिल्यास उत्सर्जन सतत पाणी ठेवण्याच्या तुलनेत सुमारे ५५ टक्क्यांवर येते. मात्र ओल-सुकीच्या या चक्रात नत्रखताचे प्रमाण सांभाळले नाही, तर नायट्रस ऑक्साइड हा अधिक तीव्र वायू वाढू शकतो.

महाराष्ट्रातील चित्र निराळे आहे. कोकणात आणि पूर्व विदर्भात पेंढा किंवा तणीस हे मुख्यत्वे गुरांचे वैरण आहे; तेथे पेंढा जाळण्याचा प्रश्न त्या प्रमाणात उद्भवत नाही. (वैरणीतील कर्बाचा काही भाग गुरांच्या कोठ्यातून मिथेन होऊनच बाहेर येतो, ही बाब सहसा विसरली जाते. देशाच्या शेतीक्षेत्रातील उत्सर्जनात रवंथ करणाऱ्या जनावरांचा वाटा भातापेक्षा कितीतरी मोठा आहे.) डॉ. नारायण सावंत यांनी विकसित केलेल्या चारसूत्री भात लागवडीत पहिलेच सूत्र पीक अवशेषांच्या फेरवापराचे आहे : रोपवाटिकेत तुसाची काळी राख आणि शेतात पेंढा. भाताच्या पेंढ्यातील सिलिका व पालाश जमिनीला परत देण्याचा हा विचार मोलाचा आहे. पेंढा मान्सूनपूर्व कोरड्या नांगरटीत वेळेवर गाडला गेला, तर मिथेनचा दोषही त्याला फारसा चिकटत नाही.

खर्च कोणाचा, लाभ कोणाचा?

अर्थशास्त्राच्या भाषेत ही बाह्य परिणामांची समस्या आहे. पेंढा गोळा करण्याचा, यंत्राच्या भाड्याचा, पेरणी लांबण्याच्या जोखमीचा खर्च शेतकऱ्याच्या खिशातून जातो. टळलेल्या मिथेनचा लाभ साऱ्या जगाला मिळतो. दंडाने हे अंतर पुरते मिटत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली परिसरातील राज्यांसाठी पेंढा जाळण्यावरील भरपाईची रक्कम दुप्पट करून ५ हजार ते ३० हजार रुपयांपर्यंत नेण्यात आली, तरी दोन-तीन आठवड्यांची मुदत काही वाढली नाही. पेंढ्याला बाजारभाव मिळवून देणे हा दुसरा मार्ग. औष्णिक विद्युत केंद्रांत कोळशासोबत जैवभार जाळणे, संपीडित जैववायू, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पानिपत येथे सुरू झालेला वर्षाला सुमारे २ लाख टन पेंढ्यापासून इथेनॉल बनविणारा प्रकल्प, ही त्याची उदाहरणे. पेंढा हलका व जागा व्यापणारा असल्याने वाहतूक आणि साठवण हाच यातील मोठा खर्च ठरतो. तसेच जैववायूच्या प्रकल्पात गळती झाली, तर टाळलेला मिथेन मागच्या दाराने परत येतो.

२०२१ च्या ग्लासगो परिषदेत मांडल्या गेलेल्या जागतिक मिथेन प्रतिज्ञेत भारत सामील झाला नाही. भातशेती आणि पशुपालन यांतून होणारे उत्सर्जन लहान शेतकऱ्यांच्या उपजीविकेशी निगडित आहे, अशी देशाची भूमिका राहिली आहे. ती समजून घेताना १९९१ च्या मोजणीची आठवण ठेवणे इष्ट ठरेल. २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेनंतर शेतकऱ्याला मोबदला देण्याची चर्चा वाढली आहे. असा मोबदला द्यायचा, तर पाणी किती दिवस उभे होते आणि पेंढा लावणीच्या किती दिवस आधी गाडला, या दोन गोष्टींचा पुरावा लागेल. सातबारा उताऱ्यावर पिकाची आणि क्षेत्राची नोंद होते. पेंढा गाडल्याच्या तारखेसाठी त्यात रकाना नाही.