विहीर ठेक्याने देताना

जेऊर व भोवतालच्या करमाळा तालुक्यातील जमीन दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेली आहे. वर माती, तिच्याखाली मुरूम आणि मग खडक, हा क्रम सर्वांस ठाऊक आहे. तरीही ‘इतके परस खोल, इतके रुपये’ एवढ्याच बोलीवर विहीर ठेक्याने दिली जाते व कठीण खडक लागताच तंटा उपस्थित होतो. तो टाळण्याविषयी आम्ही येथे चार गोष्टी सुचवितो.

प्रथम, मजूर व ठेकेदार यांतील भेद ध्यानी घ्यावा. मजूर आपल्या सांगण्याप्रमाणे राबतो व रोज घेतो. ठेकेदार ठरलेले काम पुरे करून देण्याचे पत्करतो. माणसे, यंत्रे व कामाची रीत त्याची. म्हणून त्याच्याशी हिशेब दिवसांचा नव्हे, मापाचा ठेवावा.

दुसरे, माप नेमके लिहावे. ३० फूट व्यासाच्या गोल विहिरीत एक फूट खोलीस सुमारे ७०७ घनफूट, म्हणजे ७ ब्रास खोदाई होते. खाली व्यास २८ फूटच राहिला तर ती ६१६ घनफूट भरते; फुटामागे ९१ घनफुटांची तूट! यास्तव वरचा व तळाचा व्यास दोन्ही नमूद करावे. माती, मुरूम व खडक यांचे दर निरनिराळे ठरवावे आणि थर बदलताच उभयतांनी मोजून सह्या कराव्या. सुरुंग, पाण्याचा उपसा व निघालेला दगड हलविणे यांचा खर्च कोणाकडे, हेही लिहावे. पाणी लागण्याची हमी खोदाईच्या करारात आपोआप येत नाही, हे विसरू नये.

तिसरे, उचल बेताची द्यावी. पुढील हप्ते मोजणीनंतरच द्यावे व काही रक्कम काम पुरे होईतो राखावी. मृगापूर्वी काम संपले नाही तर अर्धवट विहिरीच्या कडा पावसाने ढासळतात. म्हणून मुदत हा कराराचा मुख्य भाग आहे, असे स्पष्ट लिहावे.

चौथे, कायदा जाणावा. १८७२ च्या करार कायद्याने तोंडी करारही ग्राह्य आहे. परंतु तो शाबीत करणे कठीण. विलंबाबद्दल दंड लिहिला तरी न्यायालय त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाईच देते. करारभंगाची फिर्याद सामान्यतः तीन वर्षांच्या आत करावी लागते.

योग्य मुद्रांकावर दोन प्रती कराव्या, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्या व एक प्रत ठेकेदारास द्यावी. अशा कागदाने त्याच्याही श्रमाचे मोल सुरक्षित राहते.