मनगटावरच्या थेंबाने काही कळत नाही

‘वनस्पतीचंच आहे, बाधणार नाही, हवं तर मनगटावर थेंब लावून चोवीस तास बघा,’ हे सुगंधी तेल विकणाऱ्यांचं ठरलेलं बोलणं मला आता ऐकवत नाही. पुरळ उठली की हीच मंडळी ‘तुमची त्वचाच नाजूक’ म्हणून हात झटकतात, ते त्याहून जास्त लागतं. टी ट्री, लव्हेंडर, इलंग-इलंग यांची अ‍ॅलर्जी वैद्यकात नीट नोंदलेली आहे, आणि ती चोवीस तासांच्या हिशोबात मुळी बसतच नाही. सुरुवातीला शरीराच्या पेशी त्या द्रव्याची नुसती ओळख ठेवतात. यात दहा-पंधरा दिवस जातात, कधी वर्षानुवर्षं वापरल्यावर ती होते, आणि तोवर त्वचेवर काही दिसत नाही. त्यानंतर तेच तेल लागलं की एक-दोन दिवसांनी खाज, लाली, बारीक फोड येतात. मग कधीच न वापरलेल्या तेलाचा थेंब मनगटावर गप्प राहिला, यात नवल कसलं?

‘आमचं तेल शुद्ध आहे’ हा पुढचा मुद्दा. शुद्ध असेलही, पण लव्हेंडरमधलं लिनालूल आणि संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन यांना हवा लागली की हायड्रोपेरॉक्साइड तयार होतात, आणि ते मूळ द्रव्यापेक्षा कितीतरी जास्त अ‍ॅलर्जी आणतात. टी ट्रीचंही जुनं तेल ताज्यापेक्षा वाईट. म्हणून लहान बाटली घ्या, फोडल्याची तारीख लिहा, झाकण घट्ट लावून अंधारात ठेवा.

तर मग तपासायचं कसं? निखालस तेल लावून तर नाहीच; त्याने कुणाचीही कातडी जळजळू शकते, आणि जळजळ म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे. जे पातळ केलेलं मिश्रण रोज वापरणार, तेच कोपराच्या आतल्या बाजूला एकाच जागी दिवसातून दोनदा, निदान आठवडाभर लावा; दोन आठवडे लावलं तर उत्तम. खाज सुटली की थांबा. ‘एवढा वेळ कुणाला आहे?’ असं विचारणाऱ्यांनी महिनाभर खाजवत बसण्याचा वेळही मोजावा. पुरळ आधीच उठली असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडूनच पॅच टेस्ट करून घ्या. त्यात टी ट्री साधारण ५ टक्के, व्हॅसलीनमध्ये मिसळून पाठीवर चिकटवतात. पट्ट्या ४८ तासांनी काढतात आणि चौथ्या दिवशी पुन्हा बघतात. हे दुसरं बघणं चुकवू नका, उशिरा उठणारी लाली तेव्हाच सापडते. तोवर पाठ भिजवायची नाही, स्टिरॉइडचं मलम तिथे लावायचं नाही. आणि वापरलेली बाटली रागाने फेकू नका. डॉक्टरांना तीच दाखवावी लागते.